बाटलीतलं पेप्टाइड आणि झाडातलं पेप्टाइड

प्रश्न सांगोला तालुक्यातून आलाय. दोन एकर भगवा वाणाचं डाळिंब, हस्त बहार (पावसाळ्याच्या शेवटी धरलेली फुलं), ताण मोडून पाणी सुरू केल्याला बारा दिवस झाले. दुकानातून ‘पेप्टाइड हार्मोन’ छापलेली अर्ध्या लिटरची बाटली मिळाली. लिटरला दोन मिली मारा, मादी कळी वाढेल आणि गळ थांबेल, असं सांगितलं गेलं. विचारणा अशी: वनस्पतींत पेप्टाइड हार्मोन खरंच असतात का, असले तर ऑक्सिन-जिब्रेलिनपेक्षा वेगळे कसे, आणि बाटली मारू का नको?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमची कळी माझ्या लिहिण्यासाठी थांबणार नाही. बाटली घेऊन झालीच असेल तर दोन ओळींवर मारा आणि शेजारच्या दोन ओळी नुसत्या पाण्याच्या ठेवा. सगळ्या बागेवर मारू नका, आणि दुसरी बाटली आणू नका. हार्मोन खरे आहेत, पण ते त्या बाटलीत नाहीत. हे मी बाटली न उघडता कशावरून म्हणतो, ते पुढे येईल.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा वनस्पतींचे हार्मोन पाच: ऑक्सिन, जिब्रेलिन, सायटोकायनिन, अॅब्सिसिक आम्ल आणि इथिलीन. पंढरपूरकडचा द्राक्षवाला ‘जीए’ (जिब्रेलिक आम्ल) हा शब्द चहाइतक्या सहज वापरतो, आणि पानगळीसाठी इथेफॉन मारताना तुम्हीही इथिलीनच वापरता. हे पाचही अगदी छोटे रेणू. इथिलीन तर दोन कार्बनचा वायू. पानावर पडले की बऱ्यापैकी आत शिरतात, म्हणूनच फवारता येतात. पेप्टाइड हार्मोन प्राण्यांचे, असं आम्हाला शिकवलं होतं आणि उदाहरण ठरलेलं असायचं, इन्सुलिन. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. प्रथिनही तीच माळ, फक्त लांब. इन्सुलिनच्या माळेत ५१ मणी.

घरात कुणाला साखर असेल तर इन्सुलिनची सुई का घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक असेल. गिळलं तर पोट त्याला डाळीतल्या प्रथिनासारखं पचवून टाकतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, बाटलीकडे येताना लागेल.

पाचाचं हे गणित मोडलं टोमॅटोनं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात क्लॅरेन्स रायन यांनी १९७२ साली दाखवलं की अळीनं टोमॅटोचं एक पान कुरतडलं की न कुरतडलेल्या पानांतही एक पदार्थ तयार होतो, जो अळीचं पचन बिघडवतो. म्हणजे दुखावलेलं पान बाकीच्यांना काहीतरी कळवतं. कळवणारा रेणू कोणता, हे शोधायला त्यांना जवळजवळ वीस वर्षं लागली. किलोच्या किलो कोवळी पानं वाटायची, गाळायची, वेगळी करायची आणि शेवटी हातात यायचं ते डोळ्यांना न दिसण्याइतकं. १९९१ मध्ये ग्रेगरी पिअर्स आणि रायन यांच्या चमूनं तो ओळखला: १८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, नाव सिस्टेमिन. वनस्पतीत सापडलेलं हे पहिलं पेप्टाइड हार्मोन. ते २०० अमिनो आम्लांच्या एका मोठ्या प्रथिनातून कापून निघतं. पुढे कलमांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं की लांबवर जाणारा निरोप सिस्टेमिन स्वतः नेत नाही. ते जखमेजवळ ठिणगी पाडतं आणि पुढचा प्रवास जास्मोनिक आम्ल या दुसऱ्या छोट्या रेणूच्या मार्गानं होतो. आणखी एक बारकावा: सिस्टेमिन टोमॅटो, बटाटा, मिरची या भाऊबंदांतच चालतं. तंबाखू त्याच कुळातला, तरी त्याचं काम वेगळीच पेप्टाइडं करतात. एका कुळात ही गत, तर टोमॅटोची किल्ली डाळिंबाला कशी लागायची?

वाढीचं पेप्टाइड आणखी पाच वर्षांनी आलं. शतावरीच्या कुळातल्या ॲस्परॅगसच्या सुट्या पेशी पोषक द्रवात विरळ सोडल्या तर विभागतच नव्हत्या. दाट वाढलेल्या पेशींच्या भांड्यातला द्रव गाळून त्यांत घातला की लगेच विभागू लागायच्या. त्या द्रवात काय आहे, हे जपानमध्ये मात्सुबायाशी आणि साकागामी यांनी १९९६ मध्ये शोधलं. अवघ्या पाच अमिनो आम्लांची माळ, आणि त्यातल्या दोन मण्यांना गंधकाचा, म्हणजे सल्फेटचा, डाग दिलेला. नाव फायटोसल्फोकाइन. हा डाग नसेल तर पेप्टाइड जवळपास निकामी. झाड स्वतः हा डाग लावतं. काही पेप्टाइडांना ते साखरेची शेपटी जोडतं, काहींत प्रोलिन या मण्याला थोडं बदलतं. म्हणून माळेतला क्रम बरोबर असून भागत नाही, वरची नक्षीही हुबेहूब हवी.

आता एक छोटा टोमॅटो आडवा चिरा आणि मोठा, फुगीर, वळ्यावळ्यांचा टोमॅटोही चिरा. छोट्यात बियांचे दोन-तीन कप्पे दिसतील, मोठ्यात सात-आठ किंवा जास्त. हा फरक बऱ्याच अंशी एका पेप्टाइडाचा आहे. झाडाच्या शेंड्यात टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत काही पेशी असतात ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. पान, फूल, फांदी सगळं त्यांच्यातून निघतं. त्या वाढत राहाव्यात यासाठी एक जनुक जोर लावतं. वाढत्या पेशी स्वतःच क्लॅव्हाटा-३ नावाचं पेप्टाइड सोडतात आणि ते त्या जनुकाला आवरतं. पेशी वाढल्या की पेप्टाइड वाढतं, पेप्टाइड वाढलं की पेशी आवरल्या जातात. पाण्याच्या टाकीतला फ्लोट जसा पाणी वर आलं की नळ बंद करतो, अगदी तसं. मोठ्या टोमॅटोच्या वाणांत याच पेप्टाइडाच्या जनुकाजवळ बिघाड आहे. फ्लोट ढिला, शेंडा रुंद, फुलाला पाकळ्या आणि कप्पे जास्त. माणसानं शेकडो वर्षं नुसतं ‘मोठं फळ बरं’ म्हणत बी राखलं आणि नकळत हाच फ्लोट ढिला करत गेला. नेमका दोष कुठे, हे कळायला २०११ ते २०१५ उजाडलं.

इथे जरा थांबा. क्लॅव्हाटा-३ वाढ रोखतं. राल्फ नावाचं ४९ मण्यांचं पेप्टाइड २००१ मध्ये तंबाखूत सापडलं, ते मुळाची लांबी वाढणं थांबवतं. राल्फ ज्या ग्राहकाला (म्हणजे पेशीवरच्या, निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं त्याचं नाव फेरोनिया, रोमन लोकांच्या एका देवतेवरून ठेवलेलं. आपल्या कवठाचं जुनं शास्त्रीय नावही फेरोनियाच होतं. दोघांचा काही संबंध नाही, पण विद्यार्थी हटकून विचारतात. आणि इडा नावाचं पेप्टाइड तर थेट गळ घडवून आणतं: पाकळीच्या देठाशी असलेल्या पेशींना ते एकमेकींपासून सुटायला सांगतं. अरेबिडोप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोपटं प्रयोगशाळांत वापरतात. त्यात इडा बिघडलेलं असेल तर फूल वाळलं तरी पाकळ्या झाडालाच चिकटून राहतात. पाण्याच्या ताणानं होणारी पानगळही त्या रोपट्यात याच वाटेनं होते, असं २०१६ मध्ये दिसलं.

तेव्हा दुकानात पुन्हा गेलात तर एवढंच विचारा: ‘दादा, कोणतं पेप्टाइड?’ वाढवणारं, रोखणारं, का गळ करणारं? नुसतं ‘पेप्टाइड हार्मोन’ म्हणणं म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन ‘एक गोळी द्या’ म्हणण्यासारखं.

आता बाटलीचं गणित. लेबलवर बहुधा ‘पेप्टाइड व अमिनो आम्ले’ अमुक टक्के असं असेल. समजा ३० टक्के. लिटरला दोन मिली, म्हणजे फवारणीच्या एक लिटर पाण्यात ०.६ ग्रॅम. आता खरं हार्मोन किती लागतं ते पाहा. फायटोसल्फोकाइन पेशींवर नॅनोमोलर, म्हणजे अगदी सूक्ष्म, प्रमाणात काम करतं. एक नॅनोमोलर धरलं तर लिटरला साधारण ०.८५ मायक्रोग्रॅम. दोनशे लिटरच्या बॅरलला १७० मायक्रोग्रॅम, साखरेच्या एका दाण्यापेक्षाही कमी. तुमच्या बाटलीचा डोस त्याच्या सुमारे सात लाख पट होतो. हार्मोन कुणी टक्क्यांत विकत नाही. टक्क्यांत विकतात ते खाद्य.

आणि ते खाद्यच आहे. सोयाबीनची पेंड, मासळीचा उरलेला भाग, पिसं, कातड्याचा कचरा, असल्या कशातलं तरी प्रथिन आम्लात शिजवून किंवा एन्झाइम लावून तोडलं की अमिनो आम्लं आणि पेप्टाइडांचे तुकडे यांचं तपकिरी, वासाचं पाणी मिळतं. माळ तोडून मणी विखुरलेले, काही ठिकाणी दोन-चार मणी अजून दोऱ्यात. रसायनशास्त्राच्या भाषेत ती पेप्टाइडंच, त्यामुळे लेबल खोटं म्हणता येत नाही. खोटा आहे तो त्यापुढे चिकटवलेला ‘हार्मोन’ हा शब्द. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांसाठी वेगळी सूची आली, तिच्यात प्रथिन विघटितं (म्हणजे अशी तोडलेली प्रथिनं) आणि अमिनो आम्लं असा स्वतंत्र गट आहे. तुमच्या बाटलीवर तो गट आणि नोंदणीचा तपशील छापलाय का ते पाहा. नसेल तर ती परत करा, वाद घालायचीही गरज नाही.

अशी विघटितं अगदी निरुपयोगी असतात, असं मी म्हणणार नाही. थोडं नत्र मिळतं, जस्त-लोह पानात जायला मदत होते, ताणातून बाहेर येताना झाडाला जरा हात मिळतो. जपानमध्ये तर सोयाबीनच्या पेंडीचं एका विशिष्ट एन्झाइमनं विघटन केल्यावर १२ मण्यांचा एक तुकडा मिळाला, जो मुळांवरचे केस वाढवतो. त्यामुळे एखाद्या चांगल्या विघटितात हार्मोनसारखं काही करणारा तुकडा निघूही शकतो. पण तो एका ठरावीक पेंडीत, ठरावीक एन्झाइमनं आणि मुळांवर. तपकिरी पाण्याच्या प्रत्येक बाटलीला ते सर्टिफिकेट लागू होत नाही.

समजा कुणी उद्या खरंखुरं, शुद्ध, नक्षीसकट बनवलेलं पेप्टाइड हार्मोन तुमच्या हातात ठेवलं, तरी फवारणीत अडचण उरतेच. डाळिंबाचं पान मेणचट. जीएचा छोटा रेणू त्यातून वाट काढतो, दहा-बारा मण्यांची पाण्यात विरघळणारी माळ सहज काढत नाही. पानावरचे जिवाणू आणि झाडाची स्वतःची एन्झाइमं तिला तोडायला बसलेली असतात. इन्सुलिनच्या गोळीची जी अडचण, तीच ही. शिवाय झाडात ही पेप्टाइडं एका पेशीतून निघून शेजारच्या पेशीच्या दारावर टेकतात, एवढाच बऱ्याच जणींचा पल्ला. सगळ्या झाडावर एकाच वेळी ओतलेल्या निरोपातून झाडानं काय समजावं?

(एक ताकीद इथेच. अमिनो आम्लांची कोणतीही बाटली बोर्डो किंवा तांब्याच्या दुसऱ्या बुरशीनाशकासोबत एकाच टाकीत टाकू नका. तांबं जास्त आत जातं आणि कोवळी पानं भाजतात. तेल्या या जिवाणूजन्य रोगाच्या धास्तीनं आपल्याकडे तांबं सारखं मारलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.)

मग या सगळ्या शास्त्राचा तुम्हाला उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. ही पेप्टाइडं झाड स्वतः बनवतं, आणि ती कधी बनवायची हे तुम्ही पाणी आणि खत कसं देता यावर बरंच ठरतं.

पाण्यापासून सुरू करू. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. माती सुकायला लागली की पानांना आधी कसं कळतं? २०१८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अरेबिडोप्सिसमध्ये दाखवलं की मुळं कोरडी पडू लागली की क्ली-२५ नावाचं १२ मण्यांचं पेप्टाइड बनवतात. ते पाणी वाहणाऱ्या नळ्यांतून पानात पोहोचतं, तिथे अॅब्सिसिक आम्ल वाढतं आणि पर्णरंध्रं मिटतात. म्हणजे मुळाचा निरोप पानाला, पान कोमेजण्याआधीच. हा शोध डाळिंबावरचा नाही, पण पानाआधी मुळाला ताण कळतो, हे कुणीही जुना ज्वारीवाला तुम्हाला सांगेल. तुमच्यासाठी मुद्दा असा: बहार धरल्यावर कळी येत असताना पाणी कधी भरपूर, कधी चार दिवस बंद, असं करू नका. दर वेळी मूळ वर ‘आवरा’ असा निरोप धाडतं, आणि त्या धांदलीत पहिली सुटते ती कळी. गळ थांबवायची म्हणून बाटली मारणारे आणि ठिबकचं वेळापत्रक मात्र लाइटच्या भरवशावर सोडणारे मी अनेक पाहिलेत.

ठिबकवरून दुसरं. झाडाच्या एका बाजूचा ड्रीपर चोक झाला, तर त्या बाजूच्या मुळांना खतही मिळत नाही. मात्सुबायाशी यांच्याच गटानं २०१४ मध्ये मुळं दोन भागांत विभागून प्रयोग केला. एका बाजूला नत्र, दुसरी उपाशी. उपाशी मुळं सेप नावाचं पेप्टाइड वर पाठवतात, पानं ते वाचतात आणि खाली दुसरा निरोप धाडतात, मग नत्र असलेल्या बाजूची मुळं जास्त जोरानं नत्र ओढतात. भुकेल्या भावानं घरी कळवावं आणि ज्याच्या ताटात आहे त्यानं दोघांचं जेवावं, असा हा कारभार. म्हणून एक ड्रीपर बंद पडला तर झाड लगेच ओरडत नाही, काही काळ सांभाळून घेतं. तोवर आपल्याला पत्ता नसतो.

शेजारी हरभरा किंवा तूर असेल, बार्शीकडे सोयाबीन असेल, तर हेही पाहा. मुळांवरच्या गाठी किती व्हाव्यात, हे पेप्टाइडं ठरवतात. गाठी व्हायला लागल्या की मूळ पानाला कळवतं आणि पान ‘बास’ म्हणतं. पानातला हा ‘बास’ म्हणणारा ग्राहक बिघडला तर मुळं गाठींनी लगडतात आणि झाड खुरटतं, कारण गाठी पोसायला साखर लागते. सोयाबीनमधला तो ग्राहक २००३ मध्ये ओळखला गेला. जमिनीत नायट्रेट वाढलं तरी ‘बास’चा निरोप जातो. ‘थोडा युरिया टाकून पीक हिरवं करू’ म्हणता तेव्हा तुम्ही फुकटचं नत्र देणारा कारखाना बंद करत असता. पस्तीस-चाळीस दिवसांचं एक झाड उपटून गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू आहे, युरियाला हात लावू नका.

सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा धाग्यासारखा बारीक किडा, मात्र या भाषेचा चोर आहे. सोयाबीनवरचा एक सूत्रकृमी तोंडातल्या सुईतून मुळात झाडाच्याच क्ली पेप्टाइडाची नक्कल सोडतो. झाडाला वाटतं आपलाच निरोप, आणि ते त्या जागी पेशी मोठ्या करून किड्याला वर्षासन बांधून देतं. मुळांवर गाठी करणारे, म्हणजे आपल्या डाळिंबातले सूत्रकृमी ज्या प्रकारचे, तेही मुळाची वाढ आपल्या सोयीनं वळवणारी छोटी पेप्टाइडं सोडतात. टोमॅटोत मर आणणारी फ्युजॅरियम बुरशी राल्फची नक्कल करून भोवतीचा सामू (पीएच) आपल्याला हवा तसा वाढवते, हे २०१६ मध्ये दिसलं. म्हणजे झाडाला बाहेरून पेप्टाइड हार्मोन देण्याची कला साधलीय ती रोगकिडीला, आपल्याला नाही. त्यांच्याकडे सुई आहे.

संशोधकांची वाटही फवारणीची नाही, बियाण्याची आहे. पर्णरंध्रं कमी करणारं एक पेप्टाइड भातात जास्त बनेल असं करून, आयआर-६४ या वाणात कमी पाण्यावर तग धरणारी रोपं २०१९ पर्यंत तयार झाली. तुमच्या बागेपर्यंत असलं काही यायला वेळ आहे.

आता त्या दोन ओळी. मी स्वतः एका ओळखीच्या बागेत अशीच बाटली तपासायला गेलो होतो. पहिल्या वर्षी सगळं आखून दिलं, आणि एचटीपी (फवारणीचा पंप) चालवणाऱ्या गड्यानं ‘कशाला ठेवायच्या उपाशी’ म्हणून पाण्याच्या ओळींवरही उरलेलं औषध मारून टाकलं. दुसऱ्या वर्षी मी स्वतः उभा राहिलो. दोन्हीकडच्या कळ्यांत मला फरक दिसला नाही, मालकाला दिसला. मोजून दाखवल्यावर त्यालाही दिसेना. म्हणून मोजाच. चार ओळींत मिळून वीस झाडं निवडा. प्रत्येक झाडाच्या पूर्वेकडच्या एका फांदीला लाल लोकरीचा धागा बांधा. त्या फांदीवरच्या नर कळ्या आणि मादी कळ्या वेगळ्या मोजून वहीत लिहा. वीस दिवसांनी पुन्हा मोजा. मोजणाऱ्याला कोणती ओळ औषधाची, हे सांगू नका. शाळेत जाणारं पोरगं असेल तर उत्तम.

आणि उद्या सकाळी बाटली उघडायच्या आधी फावडं घ्या. सगळ्यात फिक्या दिसणाऱ्या झाडाखाली, ड्रीपरच्या ओलीत वीतभर उकरा. पांढरी, कोवळी मुळं दिसली तर ठीक. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या तर मूठभर मुळं ओल्या मातीसकट पिशवीत घाला आणि सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात घेऊन या. पिशवी उन्हात गाडीच्या हँडलला लटकवून आणू नका, मुळं वाटेतच वाळतात.